औषध मास्तरांचं, गुण मास्तरीणबाईंना

वकीलसाहेब नवा कोट चढवून आरशासमोर उभे राहिले आणि त्यांचा उजवा हात काही केल्या सरळ खाली येईना. कोपर मागे, तळवा बाहेर. पाठीमागून कुणीतरी हाक मारतंय आणि साहेब वळायला निघालेत, असा तो हात दिसत होता.

“मास्तर, हे काय झालंय?”

मास्तरांनी गळ्यातली टेप काढली. खांद्यापासून मनगटापर्यंत मोजलं, पुन्हा मोजलं, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, “माप बरोबर आहे.”

माप बरोबरच होतं हो. फक्त कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या होत्या.

पलीकडे मशीनवर बसलेल्या मास्तरीणबाईंच्या हे आधी लक्षात आलं. कोटाच्या कामाला त्या कधी हात लावत नसत. कोट मास्तरांनी कापायचा, मास्तरांनी उभा करायचा. बाईंनी काजं करायची, बटणं लावायची आणि बायकांचे कपडे शिवायचे, अशी त्या दुकानाची पहिल्यापासूनची वाटणी. तरीही त्या लगबगीने उठल्या आणि हसत हसत म्हणाल्या, “अहो साहेब, माझीच चूक! जोडताना मीच बाह्यांची अदलाबदल केली. काढा, काढा. परवा येऊन घेऊन जा.”

साहेबांचं समाधान झालं. कायद्याची मोठमोठी पुस्तकं पाठ असणाऱ्या त्या माणसाला, दोन डाव्या बाह्यांची कितीही अदलाबदल केली तरी त्यातली एक उजवी होत नाही, एवढं काही सुचलं नाही. बरं झालं नाही सुचलं.

ते गेल्यावर बाईंनी बाह्या उसवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. मास्तरांनी वाकून पाहिलं.

“ह्या कुणी कापल्या गं?”

“कुणी का असेना.”

“गाढवच असला पाहिजे,” मास्तर म्हणाले आणि चहा मागवायला निघून गेले.

बाई तिथेच स्टुलावर बसल्या. ज्या माणसाने डोळे बांधून बाही कापली असती, गिऱ्हाईक दारातून आत येतानाच ज्याला त्याच्या एका खांद्याचा उतार कळत असे, तो माणूस हे म्हणत होता. त्यांना रडू आलं, आणि गिऱ्हाईक येईल म्हणून त्यांनी ते गिळलं.

मग एकेक करून गोष्टी समोर यायला लागल्या. खरं तर त्या आधीपासूनच होत्या, बाई त्यांच्याकडे काणाडोळा करत होत्या. फ्रीजमध्ये खडू सापडणं, एकच गोष्ट जेवताना तीनदा सांगणं, दुकानाच्या दारात उभं राहून ‘आपण बाहेर जायला निघालो होतो की आत यायला?’ असा चेहरा करणं. लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. ती आली, दोन दिवस राहिली, आणि तिसऱ्या दिवशी दोघांना डॉक्टरांकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई वयाने लेकीएवढ्याच, बोलायला सावकाश. त्यांनी मास्तरांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले आणि थोड्या वेळाने विचारले. मास्तरांना त्यातला एकही आठवेना. पण ते गडबडले नाहीत. “तुमच्या कोटाचा डावा खांदा उतरलाय,” ते डॉक्टरीणबाईंना म्हणाले. “आतला टाका सुटलाय. दुकानात पाठवून द्या, करून देतो.”

डॉक्टरीणबाई हसल्या. मग त्यांनी लेकीला बाबांना घेऊन बाहेर बसायला सांगितलं आणि मास्तरीणबाईंना आजाराचं नाव सांगितलं. नाव सांगून झाल्यावर त्या थांबल्या, कारण त्यानंतर माणसं बहुतेक काहीतरी विचारतात.

बाईंनी विचारलं नाही, मागितलंच. “हे बघा, कात्री विसरली तरी चालेल. दुकान विसरू देत. लेकीचं नाव विसरले तरी आम्ही मायलेकी समजून घेऊ. पण मला विसरायला नको. एवढं करा.”

आता याला डॉक्टर काय बोलणार? पण ती मुलगी प्रामाणिक होती. ती म्हणाली, “आजार मागे फिरेल असं मी सांगणार नाही, खोटं होईल ते. पण एक गोष्ट करून बघण्यासारखी आहे. ओळखीची कामं चालू ठेवा, आणि त्याच्या जोडीला थोडं थोडं नवीन काही द्या. नवीन ठिकाण, नवीन माणसं, हाताला नवीन काम. मेंदू नवीन शिकत राहिला की त्याला तग धरायला बळ मिळतं. मनालाही उभारी येते, खचलेलं माणूस सावरतं. आणि हे तुम्हालाही लागू आहे बरं का.”

“मला काय धाड भरलीय?” मास्तरीणबाई म्हणाल्या.

शेवटचं वाक्य त्यांनी तिथेच टेबलावर सोडलं आणि उरलेलं पदराला गाठ मारून घरी आणलं. बाईंचा स्वभाव असा की एकदा काम अंगावर घेतलं की ते तडीस न्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मास्तरांच्या डाव्या हातात ब्रश दिला.

“उजव्याला काय झालं?”

“काही नाही. आज डाव्याने.”

पेस्ट मिशीला लागली, नाकाला लागली, आरशाला लागली. मास्तर वैतागून म्हणाले, “अगं, सकाळी सकाळी काय चेष्टा लावलीस?” पण त्यांनी घासले दात. मग बाजाराला रोजच्या रस्त्याने जायचं सोडून मागच्या रस्त्याने जाणं सुरू झालं. त्या रस्त्याला एवढी वळणं होती की मास्तर तर चुकलेच, बाईही चुकल्या आणि दोघं एका शाळेच्या मैदानात जाऊन उभी राहिली. मुलं खेळायची थांबून बघत होती. मग गाण्याचा वर्ग झाला. तिथे मास्तर पहिली ओळ खणखणीत म्हणत, आणि सगळे दुसऱ्या ओळीवर गेले तरी पुन्हा पहिलीच म्हणत. मग मातीकाम. शिकवणाऱ्याने सांगितलं वाडगा करा. मास्तरांनी मातीची पोळी लाटली, नखाने तिच्यावर रेघ मारली आणि कात्री मागितली. बाई हसता हसता थांबल्या. हसावं की काय करावं तेच कळेना.

घराला लागूनच असलेलं दुकान सुरूच होतं, पण कोट बंद. मास्तर रोज टेबलापाशी उभे राहून चिंध्या कापत. “ही कुणाची ऑर्डर?” असं विचारत आणि बाई कुणाचं तरी नाव सांगत. त्यांचं समाधान होई. बाईंचं मात्र जेवणावरून मन उडालं होतं. रात्री डोळ्याला डोळा लागत नव्हता आणि लेकीचा फोन आला की त्या “ठीक आहे” एवढंच बोलत. आपण मनाने किती खाली गेलो आहोत हे त्यांना कळत नव्हतं, आणि कळलं असतं तरी त्यांना ते सांगायला वेळ नव्हता.

पोहण्याची टूम लेकीची. “आई, आमच्या ऑफिसच्या बाजूला, तुम्हाला चालत जाता येईल एवढ्यावर, छान तलाव बांधलाय, वर छप्पर आहे, पाणी कोमट असतं. सकाळी सगळी वयस्कर मंडळीच येतात. बाबांना घेऊन जा. शिकवणारी चांगली आहे, माझ्या ओळखीची.”

“अगं, मला पाण्याची भीती वाटते.”

“तुला कोण उतरायला सांगतंय? बाबांना उतरव.”

आणि इथे मास्तरीणबाईंनी ती चूक केली. दुसऱ्या कुठल्या बाईने केली नसती, शिंप्याच्या बाईनेच करावी अशी चूक. त्या घरात तयार कपडा कधी आला नव्हता. मास्तरांना त्याचा राग होता. “तयार कपडा म्हणजे अंदाजपंचे कापलेला कपडा. समोर माणूसच नाही, मग कापलास कुणासाठी?” असं ते म्हणत. लग्न झाल्यापासून बाईंच्या अंगाला लागलेला प्रत्येक कपडा मास्तरांच्या कात्रीखालून गेला होता. तेव्हा तलावावर जायचं ठरल्यावर दुकानातून पोहण्याची चड्डी विकत आणावी, हे बाईंच्या स्वप्नातही आलं नाही. त्यांनी चांगलं जाड, टिकाऊ कापड घेतलं. गुडघ्यापर्यंत लांबी, आतून अस्तर, दोन खिसे, कमरेला पट्टी, आणि कडक इस्त्री. ती घालून मास्तर तलावाच्या काठाला उभे राहिले तेव्हा खरोखर रुबाबदार दिसत होते. शिकवणारीसुद्धा म्हणाली, “वा मास्तर!”

पायऱ्या उतरून ते कमरेइतक्या पाण्यात गेले. आधी अस्तरात हवा भरली आणि चड्डी फुग्यासारखी वर आली. शेजारचे दोन आजोबा हसले, मास्तरही हसले. मग हवा निघून गेली आणि पाणी भरलं. कापडाने पाणी प्यायलं, अस्तराने प्यायलं, खिशांनी प्यायलं. ते ओझं मास्तरांच्या पायांना खाली ओढायला लागलं. त्यांचा पाय सरकला, डोकं पाण्याखाली गेलं.

शिकवणारीने त्यांना लगेच वर काढलं. घोटभर पाणी गेलं असेल, जास्त नाही. पण मास्तर कठड्याला दोन्ही हातांनी धरून ओरडत होते, “धरलंय मला! खाली कुणीतरी धरलंय मला!” आणि बाई काठावर उभ्या राहून “अहो, काही नाही, मी आहे इथे, मी आहे,” असं म्हणत होत्या आणि त्यांचा हात मास्तरांपर्यंत पोचत नव्हता.

त्या दिवशी घरी येऊन बाईंनी ती चड्डी उसवली, पार धागा न् धागा वेगळा केला. कापडाचा काय दोष होता? पण राग कुणावर तरी काढायचा होता आणि दुसरं कुणी हाताशी नव्हतं.

मास्तर पुन्हा पाण्यात उतरणार नाहीत हे उघड होतं. शिकवणारी म्हणाली, “काकू, इतक्यात हार मानू नका. त्यांना काठावरच्या बाकावर बसू दे. तुम्ही उतरा. तुम्हाला बघून त्यांची भीती जाईल.”

“मी? या वयात?”

“त्यांच्यासाठी.”

हा शब्द मात्र बरोबर लागला. त्यांच्यासाठी म्हटल्यावर बाई विहिरीतही उतरल्या असत्या. पण शिवून काय झालं ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणून त्या लेकीबरोबर दुकानात गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा तयार कपडा विकत घेतला. निळा, अंगाला चिकटून बसणारा, बाह्या नसलेला. सोबत रबरी टोपी आणि चष्मा. कपडे बदलायच्या खोलीत त्यांनी आरशात पाहिलं आणि त्या आपल्याच अंगाला लाजल्या. शिवण उलटी करून बघितली, टाका वाईट नव्हता. मास्तरांना त्यांनी हे सांगितलं नाही.

आता ऐका गंमत, म्हणजे गंमत कसली, बाईंना ती कधीच गंमत वाटली नाही. पहिले काही दिवस त्या कठडा सोडेनात. मग शिकवणारीने एकदा त्यांच्या पाठीखाली हात धरून सांगितलं, “काकू, डोकं मागे टाका, पाय आपोआप वर येतील.” बाईंनी डोकं टाकलं. पाय वर आले. कानात पाणी गेलं, सगळा गलका बंद झाला, वर छपराच्या काचेतून ऊन दिसत होतं, आणि शिकवणारीने कधी हात काढून घेतला ते त्यांना कळलंच नाही. मशीनवर वाकून वाकून जो पाठीचा कणा वर्षानुवर्षं ठणकत होता, तो ठणकायचा थांबला. आणि त्यांना हसू फुटलं. हसल्या म्हणून तोंडात पाणी गेलं, ठसका लागला, तरी त्या हसतच राहिल्या.

काठावर बाकावर बसलेल्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या.

त्या दिवसापासून बाईंना भूक लागायला लागली, झोप लागायला लागली. भाजी निवडता निवडता त्या गाण्याच्या वर्गातली दुसरी ओळ गुणगुणायच्या, तिसरीही. मातीकामाच्या वर्गात त्यांचा वाडगा सगळ्यांना दाखवण्यात आला. मागच्या रस्त्याने त्या आता डोळे मिटून बाजारात जात आणि वाटेत एका झाडापाशी थांबून वर बघत, काही कारण नसताना. गिऱ्हाइकांचे फोन नंबर त्यांना तोंडपाठ व्हायला लागले. लेक भेटायला आली तेव्हा दारातच थबकली. “आई, काय गं, केवढी बदललीस! दहा वर्षांनी लहान दिसतेस.”

बाईंना ते शिवी दिल्यासारखं लागलं. आत मास्तर लेकीच्या हातातल्या पिशवीकडे बघून विचारत होते, “या कोण आल्यात? ट्रायलला?”

काय म्हणावं याला? मास्तरांचं पथ्य, आणि मानवलं बाईंना. मास्तर आठवड्या-आठवड्याने झिजत होते. चिंध्या कापतानाही आता कात्री मधेच थांबायची आणि ते ती उघडमिट करत बसायचे. बाईंना वाटायचं, देवाने त्यांच्या ताटातलं उचलून आपल्या ताटात वाढलंय आणि आपण निर्लज्जासारखे खातोय. एक दिवस त्या एकट्याच डॉक्टरीणबाईंकडे गेल्या आणि उभ्या उभ्याच म्हणाल्या, “औषध बदला. हे भलत्यालाच लागू पडतंय.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवलं. “मी तेव्हाच म्हटलं होतं ना, तुम्हालाही लागू आहे.”

“मला नकोय! माझं मी काही मागितलं होतं का?” बाईंचा आवाज चढला. “मला बरं वाटतंय, आणि ते मला सहन होत नाही. त्यांना काय?”

“त्यांना आम्ही जेवढं देऊ शकतो तेवढं देतोय. ज्या वेगाने हे चाललंय ना, त्याला नवं-जुनं काही अडवू शकेल असं मला आता वाटत नाही.” मग त्या म्हणाल्या, “तुम्ही उभ्या राहिलात तर त्यांना धरायला कुणीतरी असेल. एवढंच आहे माझ्याकडे.”

बाई तावातावाने बाहेर पडल्या. ठरवलं, बस्स. तलाव बंद, गाणं बंद, माती बंद. आपलं दुकान, आपलं मशीन. त्यांना बरं वाटत नसेल तर आपल्यालाही वाटायला नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरातून बाहेर आल्या तर मास्तर बूट घालून दारात उभे. हातात तलावाची पिशवी, खांद्यावर टॉवेल. स्वतःहून. ज्या माणसाला चहा प्यायलो की नाही हे आठवत नव्हतं, त्याला तलाव आठवला होता.

“चल ना,” ते म्हणाले. “उशीर होईल.”

बाईंचा ऊर भरून आला. म्हणजे रुजलं तर काहीतरी! मास्तरांना आपल्याला पोहताना बघायला आवडतं, रोज त्या बाकावर बसून आपल्याकडे टक लावून बघतात, ते उगीच नाही. वाटेत मास्तरांनी त्यांचा हात धरला होता. त्या दिवशी बाई अशा पोहल्या की शिकवणारीने शिट्टी वाजवली. एका दमात तलावाच्या पलीकडे, आणि वळून परत. तोंड वर काढलं की बाकावर मास्तर दिसत, पुढे झुकून बसलेले, कौतुकाने तोंड उघडं.

त्या पाण्यातून वर आल्या, चष्मा काढला आणि धापा टाकत तशाच त्यांच्याकडे गेल्या.

मास्तर बाकावरून अदबीने उठून उभे राहिले. गिऱ्हाईक आलं की राहत तसे.

“फार सुरेख पोहता तुम्ही,” ते म्हणाले. “मी रोज येतो बघायला. आज बोलायचा धीर केला.”

बाईंना आधी वाटलं थट्टा करताहेत. चाळीशीत एकदा त्यांनी अशी थट्टा केली होती, रस्त्यात ओळख न दाखवून. म्हणून त्या हसल्या आणि डोक्यावरची टोपी काढली. केस मोकळे झाले, पांढरे, ओले.

“अहो, मी आहे.”

“हो, हो, तुम्हीच,” मास्तर समजूतदारपणे म्हणाले. त्यांची नजर कपड्याच्या शिवणीवर गेली आणि जरा नाराज झाली. “तयार घेतलेला दिसतो. खांद्यावर ओढतोय बघा. माझी बायको असलं घालायची नाही. तिचं सगळं मी शिवतो.”

“कुठे आहे तुमची बायको?”

“घरी. मशीनवर.” मास्तरांनी टॉवेल पुढे केला, तिऱ्हाईत बाईला द्यावा तसा, बोटाला बोट न लागू देता. “ती पाण्याला घाबरते. दिवसभर वाकून बसते बिचारी, कधी कुठे गेली नाही. मीच नेलं नाही. दुकान, दुकान करत राहिलो. ह्या तुमच्यासारखं तिला एकदा जरी करायला मिळालं असतं ना...” ते थांबले. त्यांना पुढचं सापडेना. मग एकदम घाबरून त्यांनी आजूबाजूला पाहिलं. “मला घरी जायला पाहिजे. ती वाट बघत असेल. तुम्ही सोडाल का मला? मला रस्ता... इकडचा रस्ता मला नवीन आहे.”

ओल्या अंगाने बाई तिथे उभ्या होत्या. ‘मला विसरू नका’ म्हणून ज्या माणसाला धरून ठेवायला त्या पाण्यात उतरल्या, तो माणूस त्यांच्यासमोरच त्यांची आठवण काढत होता. ओरडावं? गदागदा हलवून सांगावं? पाण्यात मास्तरांनी कसा ‘धरलंय मला’ म्हणून आकांत केला होता ते त्यांना आठवलं.

“सोडते हं,” त्या म्हणाल्या. “कपडे बदलून येते, तोवर इथेच बसा.”

परत आल्या तेव्हाही मास्तर ओळखीचं हसले नाहीत. केस ओले होते म्हणून असेल, की अंगावर लेकीने आणलेलं जाकीट होतं म्हणून. वाटेत त्यांनी बाईंचा हात धरला नाही. दोन पावलं अंतर ठेवून चालले आणि प्रत्येक वळणावर “तुम्हाला उगीच त्रास,” असं म्हणत राहिले. दाराशी आल्यावर त्यांनी आभार मानले आणि आत जाऊन हाका मारायला सुरुवात केली.

“अगं! कुठे आहेस? अगं ए!”

बाई मागच्या दाराने आत गेल्या. स्वतःच्याच घरात चोरासारख्या. मास्तर न्हाणीघराचं दार वाजवत होते. बाईंनी जाकीट काढून पलंगाखाली ढकललं. कपाटातून मास्तरांनी शिवलेला जुना, कोपराला ठिगळ लावलेला झगा काढला आणि घातला. केस पुसून घट्ट आवळून बांधले. मग दुकानात येऊन मशीनवर बसल्या आणि समोर जे कापड होतं ते सुईखाली घातलं. काय शिवत होत्या ते त्यांना माहीत नव्हतं. मशीनचा आवाज मात्र घरभर गेला पाहिजे होता.

आवाज गेला. मास्तर दारात आले.

“अगं, इथेच आहेस होय! मी सगळं घर पालथं घातलं.” त्यांचा चेहरा इतका उजळला, इतका आनंदला, की बाईंना बघवेना. “बोलत का नाहीस? हाका मारतोय कधीचा.”

“मशीनच्या आवाजात ऐकू आलं नाही,” बाई म्हणाल्या. “जाते कुठे मी?”

मास्तर स्टूल ओढून त्यांच्या अगदी जवळ बसले. त्यांचे गुडघे बाईंच्या गुडघ्यांना लागले. काहीतरी सांगायचं होतं आणि ते विसरायच्या आत सांगायची त्यांना घाई होती.

“तलावावर एक बाई येतात. काय पोहतात म्हणून सांगू! तुझ्याच वयाच्या असतील. आणि हसतात कशा, पाण्यात असताना. असं हसताना मी कुणाला...” त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. मशीन थांबलं. “तू का शिकत नाहीस?”

“मला भीती वाटते.”

“त्यांनाही वाटत असेल आधी. उद्या माझ्याबरोबर चल. चल ना गं. मी तुला कधी कुठे नेलं नाही.”

आजच्या दिवसाआधी सबंध संसारात मास्तरांनी त्यांना ‘चल’ म्हटलं नव्हतं. बाईंनी मान खाली घातली. नाही म्हणायचं कसं, आणि हो म्हणून करायचं काय?

“येशील?”

“येईन.”

“नक्की?”

“नक्की.”

“मग मी तुमची ओळख करून देतो,” मास्तर म्हणाले. “तुला आवडतील त्या.”